यंत्र, विहीर आणि सदसद्विवेक

(महोत्सवप्रसंगीं धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सव समितीनें मजकडे सोपविलेला विषय असा आहे: यंत्रविद्येच्या वाढीनें समाजाची नीति सुधारते कीं बिघडते? समितीच्या तरुण चिटणीसांनीं हा विषय मला सांगितला, तेव्हां फादरांनीं मोबाईल फोनवर यथेच्छ तोंडसुख घ्यावें आणि घरोघरच्या आईबापांना समाधान व्हावें, अशी अपेक्षा त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसली. ती अपेक्षा मी अगदींच विफल करणार नाहीं. परंतु ज्या यंत्राविषयीं मला मुख्यत्वेंकरून बोलावयाचें आहे तें खिशांत मावणारें नव्हे. तें आपल्या वाडींत विहिरीच्या कांठीं बसविलेलें असतें, आणि त्याच्याविरुद्ध आजपर्यंत कोणत्याही वेदीवरून प्रवचन झाल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. तें यंत्र म्हणजे पाण्याचा पंप.

वसईच्या पश्चिम पट्ट्यांतील शेवटचे राहाट मीं लहानपणीं पाहिले आहेत. तरुणांसाठीं त्यांचें थोडें वर्णन करतों. विहिरीच्या किंवा बावखलाच्या कांठावर एक मोठें लांकडी चाक असे. त्यावरून खालीं सोडलेली दोरखंडाची माळ, आणि माळेला ओळीनें बांधलेले मातीचे लोटे. बाजूला जुंपलेला बैल किंवा रेडा डोळ्यांवर झांपड घेऊन संथपणें गोल फिरे. लोटे खालून भरून वर येत, पन्हळींत रिते होत, आणि तेथून पाटानें पाणी केळींच्या व पानवेलींच्या आळ्यांत जाई. त्या चाकाची करकर पहाटेच्या शांततेंत दूरवर ऐकूं येई. ऊन चढलें कीं जनावर थके, आणि जनावर थकलें म्हणजे राहाट थांबे. राहाट थांबला म्हणजे विहिरीलाही विसांवा मिळे; रात्रींतून झरे पुन्हां भरून येत. आपण शेजाऱ्याचें पाणी तर ओढीत नाहीं ना, हा प्रश्न माझ्या आजोबांच्या मनांत बहुधा कधीं आलाच नसेल. त्यांच्या वतीनें तो बैलानें सोडविलेला होता.

मला जें सांगावयाचें आहे तें एवढेंच, म्हणून आरंभींच सांगून टाकतों. मनुष्याच्या हांवेला पूर्वीं पुष्कळशी मर्यादा त्याच्या श्रमानें घातलेली होती. श्रम हा एक मुका धर्मशिक्षक होता. यंत्र येतें तें या शिक्षकाला रजा देतें. त्यानंतर थांबावें कोठें, हें सांगण्याचें काम एकट्या सदसद्विवेकबुद्धीवर येऊन पडतें. आणि त्या कामाची तिला संवय नसते, कारण इतकीं शतकें तें दुसराच कोणी करीत होता.

यावरून कोणी असें समजूं नये कीं, मी राहाटाचे दिवस परत मागतों आहें. जुना काळ सोन्याचा होता असें सांगण्याची आम्हां धर्मगुरूंना मोठी हौस असते. पण ज्या स्त्रियांनीं तो काळ डोक्यावरच्या हंड्याखालीं काढला, त्यांना विचारून पहावें. याकोबाच्या विहिरीवर भेटलेल्या शमरोनी स्त्रीनें प्रभूजवळ अगोदर काय मागितलें? पुन्हां पाणी शेंदावयास इतक्या दूर यावें लागूं नये, एवढेंच. प्रभूनें तिला पुढें फार मोठ्या गोष्टी सांगितल्या, परंतु त्या साध्या मागणीबद्दल तिला बोल लाविला नाहीं. राहाटाच्या रेड्याच्या खांद्यावरचा घट्टाही मीं पाहिला आहे. तो पाहिलेल्या मनुष्यानें पंपाला शिव्या देणें शोभणार नाहीं.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे, आणि ती आम्हां प्रवचनकारांना थोडी झोंबणारी आहे. या देशांत विहिरीवर व तळ्यावर कोणीं पाणी भरावें आणि कोणीं दूर उभें रहावें, हें जातीवरून ठरत असे. महाड येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारों अनुयायांसह 20 मार्च 1927 रोजीं चवदार तळ्याचें पाणी प्याले. त्या पाण्याच्या हक्काचा वाद उच्च न्यायालयांत संपावयास 1937 साल उजाडलें. तळें तेंच, पाणी तेंच, आणि दहा वर्षें! पुढें जेथें जेथें घरांत नळ आला, तेथें तेथें निदान पाण्यापुरता हा अपमान एका लोखंडी नळीनें मुकाट्यानें मिटविला. नळाला घागरीचा विटाळ समजत नाहीं. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या आपल्या समाजांतही जातीजातींच्या भिंती होत्या व कांहीं अंशीं अजून आहेत, हें आपण सर्व जाणतां. तेव्हां यंत्रानें नीतीचें कांहीं कामच केलें नाहीं असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. तें काम करण्याचा पहिला मान आपला होता आणि आपण तें केलें नाहीं, इतकेंच म्हणतां येईल.

आतां माझ्या घरची गोष्ट सांगतों. माझे वडील आज हयात नाहींत. ते असते तरी मीं ती सांगितली असती, असें मला वाटतें. पण खात्रीनें सांगवत नाहीं.

माझ्या वडिलांनीं राहाट काढून आधीं ऑइल इंजिन आणि पुढें विजेचा पंप बसविला. त्या काळांत रेल्वेच्या लगत नव्या इमारती झपाट्यानें उभ्या रहात होत्या. तेथें राहावयास येणारे लोक मुंबईंत घर न परवडलेले, तुमच्या-माझ्यासारखेच साधे लोक होते. घर होतें, परंतु नळाला पाणी नव्हतें. तें पाणी आमच्या वाड्यांतून टँकरनें जाऊं लागलें. दहा हजार लिटरांचा टँकर पंप पंधरावीस मिनिटांत भरी. तो गेला कीं दुसरा दारांत उभा. पंपाला झांपड लागत नाहीं, वैरण लागत नाहीं, आणि मुख्य म्हणजे तो थकत नाहीं. एका केळीच्या लोंगराला वर्ष वाट पहावी लागे. टँकरचे पैसे रोख आणि त्याच रात्रीं मिळत. मी त्या उन्हाळ्यांत गोरेगांवच्या सेमिनरींत जाणार होतों. माझी लोखंडी पेटी, माझे कपडे आणि माझीं पुस्तकें त्या पैशांतून आलीं.

आमच्या शेजारीं वडिलांची एक चुलत बहीण रहात असे. ती लौकर विधवा होऊन माहेरीं परतली होती. तिला थोडी पानवेल होती, थोडा मोगरा होता, आणि फुलें घेऊन ती पहाटेच्या गाडीनें दादरच्या बाजारांत जाई. एके दिवशीं सकाळीं ती एक तांब्या घेऊन आमच्या ओटीवर आली आणि वडिलांना म्हणाली, "दादा, जरा चव घेऊन पहा." वडिलांनीं एक घोट घेतला, तांब्या खालीं ठेवला, आणि आईला म्हणाले, "आत्याला चहा दे." दुसरें कोणी कांहीं बोललें नाहीं. चहा पिऊन ती गेली. त्या रात्रीं टँकर आला. पंप आणखी दोन उन्हाळे चालला, आणि तिची पानवेल पहिल्याच उन्हाळ्यांत जळाली. मोगरा एक वर्ष अधिक टिकला.

माझे वडील दुष्ट नव्हते. सायंकाळची जपमाळ त्यांच्या घरीं कधीं चुकली नाहीं. दुसऱ्याच्या वाडींत पडलेलें केळेंसुद्धां त्यांनीं जन्मांत उचललें नाहीं, आणि आम्हां मुलांना उचलूं दिलें नाहीं. परंतु केळें उचलावयास वांकावें लागतें, हात पुढें करावा लागतो, आणि हात पुढें होतांच मन विचारतें कीं हें कोणाचें? पाण्याला तसा हात लावावा लागला नाहीं. कळ दाबली, आणि पाणी आपल्याच विहिरींतून वर आलें. तें शेजारणीच्या विहिरीखालून आलें, हें डोळ्यांना दिसलें नाहीं. सातव्या आज्ञेचा भंग झाला कीं नाहीं याविषयीं सेमिनरींत आम्हीं पुष्कळ वाद घातले, अर्थात् दुसऱ्यांच्या विहिरींचीं उदाहरणें घेऊन. स्वतःच्या पेटीकडे पहावयास मला फार वर्षें लागलीं.

ह्या खारेपणाचें कारण काय, तें थोडें समजून घेतलें पाहिजे. कारण ज्याला आपण अपघात म्हणतों त्यालाही नियम असतो. समुद्राकांठच्या जमिनीच्या पोटांत गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. गोडें पाणी किंचित् हलकें, म्हणून तें दुधावरच्या सायीसारखें वर रहातें. हॉलंडमधील बाडोन घायबेन आणि जर्मनींतील हेर्झबर्ग या दोघां शोधकांनीं, एकानें गेल्याच्या आधींच्या शतकाच्या अखेरीस व दुसऱ्यानें 1901 मध्यें, याचा हिशेब स्वतंत्रपणें मांडला. समुद्राच्या पातळीहून गोडें पाणी जितकें वर असेल, त्याच्या सुमारें 40 पट खोलीपर्यंत तें खालीं पोंचलेलें असतें. हा हिशेब ऐकावयास सुखाचा आहे. उलटा केला म्हणजे भयंकर आहे. वरची पातळी एक हात उतरली, तर कालांतरानें खालचें खारें पाणी चाळीस हात वर येण्याचा संभव उत्पन्न होतो. आणि तें एकदां चढलें म्हणजे एका पावसाळ्यानें खालीं जातेंच असें नाहीं. राहाट वरवरची साय काढीत होता. पंपानें भांडेंच कलंडलें.

त्याच काळांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसई संरक्षण समितीचें आंदोलन उभें राहिलें. टँकरनें होणारा पाण्याचा उपसा आणि जमिनीचा बेसुमार व्यापार यांच्याविरुद्ध हजारों स्त्रीपुरुष रस्त्यावर आले. फादरांचें 25 जुलै 2024 रोजीं देहावसान झालें, तेव्हां साऱ्या महाराष्ट्रानें त्यांना साहित्यिक म्हणून आठवलें. आपण त्यांना विहिरींचे राखणदार म्हणूनही आठवलें पाहिजे. सेमिनरीच्या सुटींत मीही घोषणा दिल्या. माझा आवाज त्या वेळीं चांगला होता. घोषणा देऊन घरीं आलों कीं रात्रीं पंपाचा आवाज येई, आणि मी उशी कानावर घेई.

राज्य शासनानें 1993 मध्यें पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठीं भूजलाचा कायदा केला आणि सार्वजनिक पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर खणण्यास मनाई केली. 2009 चा कायदा त्याहून व्यापक आहे. असे कायदे हवेतच. बैलानें जी मर्यादा घातली होती ती आतां कायद्यानें घालावी, हें योग्यच आहे. परंतु आमच्या वडिलांची विहीर जुनी होती, आत्याची विहीर खाजगी होती, आणि तांब्यांतील पाण्याची चव पाहणारा अधिकारी शासनाला अजून नेमतां आलेला नाहीं.

चिटणीसांना मीं वचन दिलें होतें म्हणून आतां मोबाईलकडे वळतों. त्याची कथाही राहाटाच्याच वळणाची आहे. पूर्वीं परनिंदा पायीं चालत असे. एका आळींतली वाईट बातमी दुसऱ्या आळींत जावयाची तर कोणाला तरी उठून जावें लागे; वाटेंत दम लागे, कोणी शहाणा भेटे आणि विचारी, "तूं स्वतः पाहिलेंस का?" निम्म्या अफवा वाटेंतच मरत. आतां बोटाच्या एका स्पर्शानें ती शेंकडों घरीं पोंचते, आणि पाठविणारा अंथरुणावरून उठलेलाही नसतो. धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा या गांवीं 1 जुलै 2018 रोजीं, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच पुरुष जमावानें ठार मारले. मुलें पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत फोनवरून सर्वत्र फिरत होती. ते पांच जण पोटासाठीं आलेले होते. ती अफवा पुढें ढकलणाऱ्यांत पुष्कळसे आईबापच असतील; आपल्या मुलांच्या काळजीनें, चांगल्या मनानें त्यांनीं ती ढकलली असेल. माझे वडीलही चांगल्या मनाचेच होते.

त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतापुरती एक संदेश एका वेळीं पांचांपेक्षां अधिक ठिकाणीं पुढें पाठवितां येऊं नये अशी व्यवस्था केली. यंत्राच्या धन्यांनाच शेवटीं यंत्राला थोडासा बैल जोडावा लागला! हें चांगलेंच झालें. पण पांच ठिकाणीं पाठविलेलें असत्य हें असत्यच रहातें, आणि आठवी आज्ञा पांचाच्या आंकड्यावर सूट देत नाहीं.

आपल्या चर्चमधील दानपेटीवर तीन वर्षांपूर्वीं कॅमेरा बसविला, त्याविषयींही कोणी मला विचारतील. चोरी थांबली, हें खरें. चोर सुधारला कीं दुसऱ्या चर्चमध्यें जाऊं लागला, तें कॅमेऱ्याला दिसत नाहीं.

पवित्र सभेनें या प्रश्नाकडे कधीं पाठ फिरविलेली नाहीं. पोप पायस अकरावे यांनीं 1936 मध्यें चित्रपटांवर विश्वपत्र लिहिलें. पोप लिओ तेरावे यांनीं गिरण्या-कारखान्यांच्या युगांतील मजुरांसाठीं 1891 मध्यें 'रेरुम नोव्हारुम' लिहिलें होतें. 8 मे 2025 रोजीं निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनीं आपलें नांव निवडण्याचें कारण सांगतांना त्याच पत्राची आठवण काढली, कारण आतां कृत्रिम बुद्धिमत्तेचें युग समोर उभें आहे. परंतु मला सर्वांत जवळचें वाटतें तें दिवंगत पोप फ्रान्सिस यांचें 2015 चें 'लाउदातो सी'. त्यांत त्यांनीं रोमानो ग्वार्दिनी या जर्मन धर्मगुरूच्या विचारांचा आधार घेतला आहे. आपलें सामर्थ्य वाढलें, पण तें वापरण्याचें शिक्षण आपणांस मिळालें नाहीं, असा त्याचा आशय. हें वाक्य विद्वानांच्या ग्रंथांतून आलें. मला तें आमच्या ओटीवरच्या तांब्यांत दिसलें.

हें शिक्षण द्यावयाचें कोणीं? पापनिवेदनाची गुप्तता यत्किंचित् न मोडतां एवढें सांगतां येईल कीं, आत्मपरीक्षणाच्या ज्या छापील याद्या आपण मुलांच्या हातीं देतों, त्यांत शिवी आहे, खोटें बोलणें आहे, चोरून खाल्लेली मिठाई आहे. पंप नाहीं, आणि पुढें ढकललेली अफवा नाहीं. ती यादी बैलाच्या काळांत तयार झाली. ती नवी करण्याचें काम माझें आहे, आणि तें मीं अजून केलेलें नाहीं.

उत्पत्तीच्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायांत इसहाकाच्या विहिरींची हकीकत आहे. त्याच्या चाकरांनीं एक विहीर खणली, तिच्यावर गरारच्या गुराख्यांनीं भांडण केलें. दुसरी खणली, तिच्यावरही भांडण झालें. इसहाक पुढें सरकला आणि तिसरी खणली. तेथें कोणी भांडलें नाहीं, तेव्हां त्यानें तिला रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा, असें नांव दिलें. लहानपणीं मला ही गोष्ट फार आवडे. आतां ती वाचतांना मनांत येतें कीं, इसहाकाला पुढें सरकावयास जागा होती. आपल्या पश्चिमेस समुद्र आहे, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, आणि पूर्वेस इमारतीच इमारती. आपणांस रहोबोथ येथेंच, ह्याच विहिरींच्या कांठावर, एकमेकांच्या शेजारीं शोधावी लागणार.

आतां आपल्याच अंगणांत येऊं. चर्चच्या मागील विहिरीवर पंप मींच बसविला. महोत्सवासाठीं पुढच्या अंगणांत हिरवळ लावावी, असा समितीचा आग्रह होता, आणि मलाही ती डोळ्यांना बरी वाटली. फेब्रुवारीपासून तिला रोज सकाळ-सायंकाळ पाणी दिलें जात आहे. पंपाची कळ माझ्या खोलीच्या भिंतीवर आहे. एप्रिल महिन्यांत धर्मशिक्षणाच्या वर्गांतील एका मुलीनें मला अगदीं सहज सांगितलें, "फादर, आमच्या विहिरीच्या पाण्याचा चहा आतां फाटतो." तिचें घर चर्चच्या भिंतीला लागून आहे. तिच्या आईबापांनीं मला कधीं एक शब्द सांगितला नव्हता. चर्चच्या विहिरीविरुद्ध कोण बोलणार?

मी त्याच सायंकाळीं त्यांच्याकडे गेलों आणि पाणी मागितलें. त्यांनीं आधीं बाटलीबंद पाणी आणलें. विहिरीचें द्या, असें दोनदां सांगावें लागलें. चव मला ओळखीची होती.

दुसऱ्या दिवसापासून हिरवळीचें पाणी बंद केलें. ती आज पिंवळी कां पडली आहे, असें पुष्कळांनीं मला विचारलें. त्यांना हें उत्तर. आतां पंप दिवसांतून किती वेळ चालवावा, सभागृहाच्या छपरावरचें पावसाचें पाणी विहिरींत सोडण्याचा खर्च कोठून काढावा, आणि महोत्सवाच्या शिल्लक रकमेंतून तो प्रथम करावा कीं नव्या ध्वनिक्षेपकाचा, यावर समितींत मतभेद आहेत. ते येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर सर्वांसमक्ष मांडले जातील. माझें मत मी त्या वेळीं सांगेन. आपण आपलें घेऊन यावें.

भोजनाची वेळ झाली आहे. मागील दारानें जा. विहिरीच्या कठड्यावर दोन तांबे भरून ठेवले आहेत. एकांत आपल्या विहिरीचें पाणी आहे, दुसऱ्यांत भिंतीपलीकडल्या. पेले शेजारींच आहेत. दोन्हींची चव घ्या आणि मग पानावर बसा.